जुन्या लूरची किंमत काढायची आहे? मग आधी घासू नका

लूर म्हणजे माशाला फसवायचं, गळ लावलेलं खोटं आमिष. चवथीच्या आधी घरं झाडायला काढली की माळ्यावरच्या पेट्या खाली येतात आणि आमच्या दुकानाचा फोन वाजू लागतो. "आजोबा तारवटी, म्हणजे बोटीवर खलाशी होते, त्यांच्या पेटीत लाकडी लूर सापडले. केवढ्याला जातील?" पाठोपाठ व्हॉट्सॲपवर फोटो. बऱ्याच फोटोंत लूर असा लखलखीत असतो की काम बिघडलं हे उघडताच कळतं.

म्हणून पहिली विनंती हीच. पितळी स्पूनला, म्हणजे चमच्यासारख्या लूरला, चिंच, आमसूल, ब्रासो काही लावू नका. लाकडी लूरला साबणाचं पाणी, पॉलिश पेपर, वॉर्निश नको. गंजलेले गळ काढून नवे अडकवू नका. ते मूळचे असतील तर गंजासकट हवे असतात. संग्राहक पैसे मोजतो ते मूळ रंगाचे. त्या रंगाला बारीक तडे गेलेले चालतात, वरून दिलेला नवा हात चालत नाही. घासून गेलेला कंपनीचा ठसा आम्हालाही परत आणता येत नाही. धूळ असेल तर मऊ कोरडा ब्रश फिरवा. पावसात बुरशी धरली असेल तरी तसाच आणा, ती आम्ही बघू.

आता किमतीचं. कंपनी, मॉडेल, रंग, अवस्था आणि खोका, एवढ्यावर भाव ठरतो. अमेरिकेतल्या हेडन, क्रीक चब, फ्लूगर, शेक्सपिअर आणि साऊथ बेंड या पाच नावांना जास्त मागणी. लाकडी अंग आणि काचेचे डोळे असतील तर लूर बहुधा दुसऱ्या महायुद्धाआधीचा. आम्ही मात्र आधी पोट पाहतो. गळाचा स्क्रू वाटीत बसवलाय की वरून पत्र्याची पट्टी आहे, यावरून हेडनचा काळ बराच जवळ पकडता येतो. पेटंटची तारीख कोरलेली दिसली म्हणून लूर त्याच वर्षीचा, असं समजू नका. तोच ठसा पुढे कित्येक वर्षं मारला जायचा. खोका फाटका असला तरी फेकू नका. कधीकधी लूरपेक्षा खोकाच महाग निघतो.

रापाला घेऊन येणारे पुष्कळ. फिनलंडच्या लाउरी रापालांनी पहिला लूर 1936 साली कोरला हे खरं, पण 1962 नंतर ते जगभर इतके खपले की साध्या रंगातल्या, बिनखोक्याच्या रापालाला फारसं काही येत नाही. 1859 च्या पेटंटचा एक मोठा तांब्याचा हॅस्केल मिनो नावाचा लूर 2003 साली लिलावात लाखभर डॉलरना गेला, ती बातमी पुष्कळांनी वाचलेली असते. तसा आपल्याकडे अजून कोणी आणलेला नाही. इंटरनेटवर भाव बघायचाच तर विक्रेत्याने मागितलेला नको, ज्या भावाला माल खरंच विकला गेला तो बघा. मागायला काय, कोणी काहीही मागतो.

आम्ही फोनवर किंमत सांगत नाही, याचा काहींना राग येतो. पण फोटोत रंग मूळचा की नंतरचा हे कळत नाही. भिंग लावून, हातात घेऊनच कळतं. त्याला वेळ लागतो, म्हणून लेखी किंमतपत्राचे पैसे घेतो. किंमत काढलेला लूर आम्ही स्वतः विकत घेत नाही, त्यामुळे कमी सांगण्यात आमचा फायदा नाही. विकायचा असेल तर कमिशनवर बाहेरच्या लिलावाला पाठवून देतो. येण्याआधी फोटो पाठवायचेच असतील तर फ्लॅश न लावता, बाजूला फूटपट्टी ठेवून, दोन्ही कुशी, पाठ, पोट आणि पुढची जीभ (तोंडाशी असलेली चपटी पट्टी) असे काढा.

आणि जुने लूर आमिष म्हणून मिळणाऱ्या नव्या रबरी किड्यांच्या डब्यात कधी ठेवू नका, त्या रबराने रंग चिकट होऊन उतरतो. वेगळ्या खणांचे डबे दुकानात आहेत. चोणक माशामागे जायचं असेल तर मांडवी-झुआरीच्या पाण्याला चालणारे नवे लूरही मिळतील. आजोबांचा पाण्यात टाकू नका.