एलडीएच वाढलं म्हणजे कॅन्सरच असं नाही

रक्ताच्या तपासणीत एलडीएच वाढलेलं दिसलं की अनेकांच्या मनात आधी कॅन्सर येतो. पण ते शरीरात रोजचं काम करणारं एक विकर (एन्झाइम) आहे. बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीकडचा ऊसतोड कामगार डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढतो, तेव्हा त्याच्या मांडीच्या स्नायूंना ऊर्जा तत्काळ लागते. पेशीतली, ऑक्सिजनवर चालणारी मायटोकॉन्ड्रियाची भट्टी तेवढ्या वेगाने पुरी पडत नाही. मग ग्लुकोज मोडून पायरुव्हेट हा छोटा रेणू होतो आणि एका ग्लुकोजमागे दोनच एटीपी, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या पुड्या, पदरात पडतात. पूर्ण जळलं असतं तर साधारण ३० मिळाले असते. पण हे मोडणं चालू राहायला एनएडी हा रेणू पुन्हा पुन्हा मोकळा व्हावा लागतो. तेच काम लॅक्टेट डिहायड्रोजनेज, म्हणजे एलडीएच हे विकर करतं. एनएडीवरचा हायड्रोजन ते पायरुव्हेटला देतं आणि त्यातून लॅक्टेट होतं.

हे लॅक्टेट वाया जात नाही. हृदय ते जाळतं, यकृत त्याचं परत ग्लुकोज करतं. दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं त्याचं खापर उगाच लॅक्टेटवर फुटतं. विश्रांती मिळाली की तासाभरात ते रक्तातून बरंचसं ओसरलेलं असतं.

कॅन्सरच्या अनेक पेशी ऑक्सिजन असतानाही हाच मार्ग धरतात. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात हे दाखवलं. मायटोकॉन्ड्रिया बिघडल्यामुळे असं होतं, हा त्यांचा तर्क मात्र बहुतेक गाठींच्या बाबतीत टिकला नाही. भराभर वाढणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच नव्या पेशींचा कच्चा माल हवा असतो आणि तो ग्लुकोज मोडतानाच्या टप्प्यांतून मिळतो. शिवाय बाहेर टाकलेल्या लॅक्टेटने आणि आम्लाने भोवतालच्या रोगप्रतिकारक पेशी नरमतात.

पेशींना इजा झाली की त्यांतलं एलडीएच रक्तात उतरतं. लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर), मेलानोमा (त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर) आणि वृषणाच्या काही कॅन्सरमध्ये रक्तातलं एलडीएच पाहून आजाराचा जोर जोखतात. निदान मात्र त्यावर होत नाही. बी-१२ची मोठी कमतरता, यकृताची सूज, स्नायूंची इजा, तांबड्या पेशी फुटणं, कशानेही ते चढतं.

कधी दोष नमुन्याचाच असतो. बारीक सुई लावून सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला, नळी खडखडा हलवली, किंवा सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) वेगळं न करता तालुक्याहून लातूरला उन्हातून पाठवली, की तांबड्या पेशी फुटतात. त्यांच्यात सीरमच्या शंभरपटीहून जास्त एलडीएच असतं. सीरम लालसर दिसलं तर नमुना पुन्हा घ्यावा. फ्रीजमध्ये ठेवणंही बरं नव्हे, कारण यकृत-स्नायूंतला एलडीएच-५ हा प्रकार थंडीत निष्क्रिय होतो आणि आकडा खोटाच कमी येतो.