डेक्सा आणि मायक्रो-सीटी: हाड किती आणि हाड कसं

मी हाडांच्या आतल्या रचनेवर पीएचडी करते हे आमच्या राजापूरच्या वाडीत कळल्यापासून, सुट्टीत घरी गेले की कुणी ना कुणी पिशवीतून डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट काढून पुढ्यात ठेवतं. "तूपण हाडांचे एक्स-रेच काढतेस ना गं? मग सांग, उणे 2.1 म्हणजे काय?" शेजारच्या काकूंचा प्रश्न रास्तच. दोन्हीकडे क्ष-किरण, दोन्हीकडे हाड. पण डेक्सा सांगतं हाडात खनिज किती आहे. मी वापरते ते मायक्रो-सीटी दाखवतं ते कसं रचलंय.

जांभ्याचे दोन चिरे काट्यावर सारखे भरतील. एकात भोकं बारीक नि विखुरलेली, दुसऱ्यात मधोमध एकच मोठी पोकळी. भिंतीला कुठला लावायचा हे गवंडी बघून सांगेल, काटा सांगणार नाही. डेक्सा हा काटा आहे.

डेक्सात दोन वेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण अंगातून जातात. मांस आणि हाड त्यांना वेगवेगळं अडवतात, त्या फरकातून हाडातल्या खनिजाचा हिशोब निघतो. माप येतं ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर. चौरस, घन नव्हे, कारण मोजली जाते ती सावली. मोठ्या चणीचं हाड त्यामुळे थोडं दाट भासतं, आणि वयानुसार मणक्यांना फुटलेले हाडाचे काटेही त्यात मोजले जातात, म्हणून कमरेचा आकडा कधीकधी उगाच चांगला येतो. रिपोर्टातला टी-स्कोअर (काकूंचं ते उणे 2.1) म्हणजे तरुण, निरोगी स्त्रियांच्या सरासरीपासूनचं अंतर, प्रमाण विचलनात मोजलेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1994 च्या निकषानुसार उणे 2.5 किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. उणे 1 ते उणे 2.5 हा ऑस्टिओपेनियाचा मधला पट्टा, काकू तिथे.

आता माझं मशीन. रुग्णालयातल्या सीटीत माणूस पडून राहतो आणि क्ष-किरणांची नळी त्याच्याभोवती फिरते. मायक्रो-सीटीत सहसा नळी स्थिर, नमुना फिरतो. नमुना म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडा. बहुतेकदा खुब्याचा सांधा बदलताना काढलेल्या हाडातला, रुग्णाच्या संमतीने मिळालेला. तो केसभर जरी हलला तरी चित्र धूसर होतं, म्हणून नळकांड्यात घट्ट बसवायचा, वाळू द्यायचा नाही आणि तासन् तास थांबायचं. हाडातल्या जाळीच्या काड्या साधारण 0.1 ते 0.2 मिलिमीटर जाड असतात. नेहमीच्या सीटीला त्या सुट्या दिसत नाहीत, इथे काही मायक्रोमीटरपर्यंत तपशील मिळतो. मग काड्यांची जाडी, त्यांच्यातलं अंतर, कुठे जोड तुटलाय, हे सगळं त्रिमितीत मोजता येतं. गंमत म्हणजे हे तंत्र हाडांसाठी प्रथम वापरलं ते फोर्ड मोटर कंपनीतल्या ली फेल्डकॅम्प यांनी. 1980 च्या दशकात ते सिरॅमिकच्या भागांमधले दोष शोधत होते.

जिवंत माणसाचा खुबा मात्र त्यात घालता येत नाही. एवढ्या बारकाईसाठी नमुना लहानच लागतो आणि किरणांची मात्रा फार होते. डेक्साची त्यामानाने नगण्य. मधली वाट म्हणजे मनगट आणि घोट्याजवळची नडगी स्कॅन करणारं एक यंत्र. ते सध्या मुख्यतः संशोधनात वापरतात.

रचना एवढी का महत्त्वाची? टाइप 2 मधुमेहात बघा. अशा रुग्णांची डेक्सातली घनता बऱ्याचदा नेहमीसारखी, कधी जास्तच येते, तरी हाडं मोडण्याचं प्रमाण अधिक असतं. आकड्यात जे दिसत नाही ते काही अंशी रचनेत आणि हाडातल्या प्रथिनाच्या दर्जात असतं. माझ्या मते डेक्साच्या कागदावर हे ठळक छापायला हवं.

(शिबिरात टाच यंत्रात ठेवायला लावतात, ती बहुतेकदा अल्ट्रासाउंडची चाचणी. ती या दोन्हींपैकी नव्हे आणि तिच्यावरून निदान करत नाहीत.)

मधल्या पट्ट्यातला रिपोर्ट हातात असेल तर नुसता आकडा दाखवून परतू नका. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात साधं घसरून मनगट मोडलं होतं का, आई-वडिलांचा खुबा मोडला होता का, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. शेफिल्ड विद्यापीठात तयार झालेलं फ्रॅक्स नावाचं गणित हीच माहिती घेऊन पुढच्या 10 वर्षांतला हाड मोडण्याचा धोका टक्क्यांत काढतं, आणि खुब्याच्या डेक्साचा आकडाही त्यात भरता येतो.