रॉनी बार्कर आणि जेराल्ड वायली

'फ्रॉस्ट ऑन संडे' हा कार्यक्रम १९६८ साली ब्रिटिश टेलिव्हिजनवर सुरू झाला, तेव्हा त्यासाठी जेराल्ड वायली नावाच्या कुणा लेखकाची प्रहसनं येऊ लागली. लिखाण इतकं नेमकं की मंडळी चक्रावली. हा नाटककार टॉम स्टॉपर्ड तर नव्हे, अशीही कुजबुज झाली. शेवटी सगळे चिनी हॉटेलात जेवायला जमले असताना कार्यक्रमातलाच एक नट उठला आणि म्हणाला, वायली मीच. तो रॉनी बार्कर. केवळ आपलं नाव बघून कुणी भिडेखातर संहिता स्वीकारू नये, म्हणून त्याने हे टोपणनाव घेतलं होतं. संशय येऊ नये म्हणून तो स्वतःच्याच लिखाणाला नावंही ठेवायचा! जोडीदार रॉनी कॉर्बेटने तर या अज्ञात वायलीला आभारादाखल काचेचे उंची पेले पाठवले होते.

बार्करचा जन्म १९२९चा, बेडफर्डचा; बालपण ऑक्सफर्डमध्ये गेलं. वास्तुकलेचं शिक्षण अर्धवट सोडून त्याने बँकेत कारकुनी केली आणि १९४८ साली एल्सबरीच्या नाटक कंपनीत दाखल झाला. पुढच्या सगळ्या कामाचं मूळ मला या रंगभूमीवरच्या वर्षांत दिसतं. 'ओपन ऑल आवर्स' या विनोदी मालिकेत त्याने रंगवलेल्या कंजूस दुकानदार अर्कराइटचं तोतरं बोलणंसुद्धा त्याने ग्लेन मेल्विन या सहकलाकाराकडून उचललं होतं.

१९७१ ते १९८७ या काळात चाललेल्या, कॉर्बेटसोबतच्या 'द टू रॉनीज' या प्रहसनांच्या कार्यक्रमाने त्याला घराघरात नेलं. १९७६च्या एका प्रहसनात गिऱ्हाईक दुकानात 'फोर्क हँडल्स', म्हणजे बागकामाच्या काट्याच्या मुठी, मागतं, दुकानदार 'फोर कँडल्स' ऐकतो आणि चार मेणबत्त्या समोर ठेवतो. लेखक अर्थात वायली. २००५ साली बार्कर गेला. पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या स्मृतिसभेत दोनऐवजी चार मेणबत्त्या नेण्यात आल्या.

अभिनय म्हणून मात्र माझ्या मते 'पॉरिज' ही तुरुंगात घडणारी विनोदी मालिका सर्वांत सरस. खऱ्या तुरुंगात चित्रीकरणाला परवानगी मिळाली नाही, तेव्हा ईलिंग स्टुडिओतल्या जुन्या पाण्याच्या टाकीत कोठड्यांचे मजले उभारले गेले. त्यातला मुरलेला कैदी फ्लेचर बार्करने मोठ्याने न हसवता रंगवला. नुसत्या नजरेने तो जेलरला हाणतो.

कीर्ती शिखरावर असताना, १९८०च्या दशकाअखेर, त्याने निवृत्ती घेतली आणि चिपिंग नॉर्टनला जुन्या वस्तूंचं दुकान काढलं. अर्कराइटचं दुकान मात्र २०१३ साली पडद्यावर पुन्हा उघडलं. तेव्हा गल्ल्यावर बसला होता त्याचा भाचा ग्रॅनव्हिल, म्हणजेच नट डेव्हिड जेसन.