न उतरलेलं पातं

आमच्या लालबागच्या चाळीतल्या एका सहा वर्षांच्या मुलीचा डावा खांदा वर आहे, हे पहिल्यांदा शिंप्याच्या लक्षात आलं. गणवेशाचं माप घेताना. घरच्यांनी आधी दोष दप्तराला दिला, मग ‘नीट उभी राहा’ म्हणून तिला रागावून झालं. आजीने ग्रहणाचा विषय काढला, तेव्हा तिची आई रडली.

यात दप्तराचा दोष नाही, मुलीचा नाही आणि आईचा तर मुळीच नाही. गर्भ पाच आठवड्यांचा असताना खांद्याचं पातं, म्हणजे खवाट्याचं चपटं हाड, मानेपाशी तयार होऊ लागतं. तिथून ते खाली सरकतं आणि तिसरा महिना संपेपर्यंत पाठीवर आपल्या जागी येतं. काही बाळांत हा प्रवास अर्ध्यावर थांबतो. जर्मन शल्यचिकित्सक ओटो श्प्रेंगेल यांनी 1891 मध्ये अशा चार रुग्णांचं वर्णन केलं, म्हणून या विकृतीला त्यांचं नाव आहे.

वर राहिलेलं पातं लहान आणि वेडंवाकडं असतं. कित्येकदा ते मानेच्या मणक्यांना हाडाच्या किंवा कूर्चेच्या पट्टीने जखडलेलं असतं. खरी अडचण तीच. हात डोक्यावर नेताना 180 अंशांपैकी सुमारे 60 अंश पातं फिरल्यामुळे मिळतात. ते फिरलंच नाही, तर वेणी घालता येत नाही, फळीवरचा डबा काढता येत नाही. दिसण्यापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

दोष सौम्य असेल तर व्यायाम पुरतो. हात फारच कमी उचलला जात असेल तर शस्त्रक्रिया, शक्यतो तीन ते आठ वर्षांच्या दरम्यान. त्याआधी मान, कणा, बरगड्या आणि मूत्रपिंडंही तपासतात, कारण तिथेही जन्मजात दोष असू शकतात. 1961 पासून वापरात असलेल्या वुडवर्ड पद्धतीत मणक्यांपाशी चिकटलेले स्नायू सोडवतात, जखडणारी पट्टी काढतात, पातं खाली आणतात आणि स्नायू खालच्या मणक्यांपाशी पुन्हा शिवतात. मूल मोठं असेल तर गळ्याजवळचं हाडही कापून सैल करतात. नाहीतर पातं खाली येताना हाताकडे जाणाऱ्या नसा गळ्याजवळच्या या हाडाखाली चेपू शकतात. खांदे अगदी समान होतीलच असं नाही, पाठीवर व्रणही राहतो. हात मात्र बराच वर जाऊ लागतो.

मग काही आठवडे हात झोळीत, आणि त्यानंतर फिजिओथेरपी. ती मुलगी आता रोज भिंतीवर बोटं चालवत वर नेते. जिथे पोचली तिथे आई पेन्सिलीने रेघ मारते. परवाची रेघ दिव्याच्या बटणाच्या वर होती.