मळ आणि झीज: हरिकेनचं मॉडेल जुनं करताना होणारी गल्लत

विमानाच्या प्लास्टिक मॉडेलवरचा रंग वाळला, डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) बसले, की हात शिवशिवायला लागतात. मग काळा वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, सगळीकडे फिरतो, चंदेरी रंगात बुडवलेला स्पंजचा तुकडा पंखांवर आपटला जातो आणि विमान 'लढून आलेलं' दिसतं असं आपण ठरवून टाकतो. प्रदर्शनातली निम्मी मॉडेल्स मला इथेच फसलेली दिसतात. कारण युद्धातल्या विमानावर दोन वेगळ्या गोष्टी घडत असतात. एक म्हणजे मळ: रंगावर बाहेरून येऊन बसलेलं काहीतरी, जसं धूर, तेल, धूळ, चिखल. दुसरी झीज: रंगच गेलेला, उडालेला किंवा उन्हाने विटलेला. दोन्हींची जागा वेगळी, दिशा वेगळी आणि मॉडेलवर करायची वेळही वेगळी.

उदाहरणाला हॉकर हरिकेन मार्क टू हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान घेऊ, तेही ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचं. 1944 मध्ये इंफाळला भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वॉड्रन अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली हीच विमानं उडवत होती. कच्च्या धावपट्ट्या, कडक ऊन आणि वर पावसाळा असल्यामुळे इथे मळ आणि झीज दोन्ही भरपूर सापडतात.

आधी झीज. ती कुठे होईल हे खालचा पदार्थ ठरवतो. हरिकेनचा पुढचा भाग आणि नंतरच्या आवृत्त्यांचे पंख धातूच्या पत्र्याचे. पण कॉकपिटच्या मागचं धड म्हणजे नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वर ताणून बसवलेलं कापड. शेपटाचं सुकाणू, एलेरॉन आणि एलेव्हेटर (पंखांच्या आणि शेपटाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) हेही कापडीच. किटमध्ये तिथे लांब उभार दिलेले असतात ते त्या पट्ट्यांचे. आता सांगा, कापडावर धातूची चकाकी येणार कुठून? तरीही मागच्या धडावर चंदेरी ठिपके मारलेली हरिकेनं मी इतकी पाहिली आहेत की आता मॉडेल हातात घेतलं की नजर आधी तिथेच जाते. कापडाची झीज वेगळी दिसते: रंग विटतो, आणि दुरुस्तीचं ठिगळ लावलं तर तेवढा चौकोन गडद राहतो. नाकावरच्या पंख्याचंही तेच. रोटोल कंपनीच्या बऱ्याच पंख्यांची पाती दाबून घट्ट केलेल्या लाकडाची असत, त्यांच्या कडांवर चंदेरी खरवड काढू नये.

मग चंदेरी दिसावं कुठे? वैमानिक डाव्या बाजूने चढतो, तिथल्या पंखाच्या मुळाशी. इंजिनावरची झाकणं रोज उघडतात, त्यांच्या कडांना आणि स्क्रूभोवती. तोफांच्या झाकणांवर, जिथे दारूगोळा भरणारे गुडघे टेकून बसतात. थोडक्यात, जिथे माणसाचा बूट, हात किंवा पाना पोचतो तिथे. आणि माप विसरू नका: 1/72 च्या मॉडेलवर 1 मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या विमानावर 7.2 सेंटिमीटर, जवळजवळ तळहाताएवढा. म्हणून स्पंजने भागत नाही. बारीक ब्रशच्या टोकाने, हात आखडूनच काम करावं लागतं.

मोठ्या मापात हेअरस्प्रेची पद्धत मला जास्त खरी वाटते, कारण तिथे रंग खरोखरच निघतो. प्रायमरवर अॅल्युमिनियम रंग, तो पूर्ण वाळला की हेअरस्प्रेचा पातळ थर, वर पाण्यात विरघळवलेला अॅक्रिलिक कॅमोफ्लाज. अर्ध्या तासाच्या आत पाण्याने ओलं करून आखूड केसांच्या ब्रशने हळूच घासायचं. कॅमोफ्लाजला लॅकर वापरलंत तर घासत बसाल, रंग हलणार नाही. ऊन लागून विटणं हेही झिजेतच मोडतं आणि तेही रंगाच्याच टप्प्यावर करायचं. तपकिरी रंगात थोडा बफ (फिकट पिवळट-तपकिरी), हिरव्यात थोडी पिवळसर छटा मिसळून वरच्या पृष्ठभागावर ढगाळ फवारे मारावेत. नुसता पांढरा मिसळला तर रंग विटका दिसत नाही, पीठ उडाल्यासारखा दिसतो.

मळाचं तंत्र याच्या उलट. तो सगळ्यात वर असतो, म्हणून शेवटी येतो. आणि त्याला दिशा असते, ती वाऱ्याची. मर्लिन इंजिनाच्या धुराड्यांतून निघालेला पट्टा धडाला चिकटून मागे जातो. तो नुसता काळा नसतो. त्या काळच्या पेट्रोलात शिसं असायचं, त्यामुळे पट्ट्याच्या मधोमध फिकट राखाडी-तपकिरी साका दिसतो आणि कडेला गडद. एअरब्रशमध्ये जवळजवळ सगळं थिनर आणि नावापुरता रंग घ्या. आधी रुंद, काळपट तपकिरी पट्टा, मग त्याच्या आत अरुंद फिकट रेघ. हा पट्टा कापडी भागावर गेला तरी हरकत नाही. मळाला खालचा पदार्थ विचारायची गरज नसते, झिजेला असते. माझ्या मते सगळी गल्लत एवढ्या एका फरकात सुटते.

तेलाचे ओघळ पोटाकडे, तेही मागे ओढलेले. त्यासाठी महागडी बाटली लागत नाही. कॅम्लिनच्या ऑइल कलरची बर्न्ट अंबरची नळी आणि थोडं व्हाइट स्पिरिट पुरतं. मात्र खाली अॅक्रिलिक वार्निश नीट वाळलेलं हवं. पॅनलच्या रेषांतला वॉश लोक मळ समजतात, पण तो खरं तर सावलीचा भास आहे. काळा न घेता मूळ रंगाचीच गडद छटा घेतली की पुरे.

अडचण येते ती डिकलशी. खऱ्या विमानावर हवाई दलाचं ओळखचिन्ह असलेला गोल रंगवलेला असतो, म्हणजे झीज त्याच्यातूनही जाते. आपण हेअरस्प्रेने झिजवलेल्या पंखावर कोराकरकरीत डिकल चिकटवतो आणि ते लगेच डोळ्यांत खुपतं. एकतर गोल मास्क लावून रंगवावा, नाहीतर डिकलवर आजूबाजूच्या टवक्यांना जोडून दोन-चार ठिपके द्यावेत. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर एक सवलत मात्र मिळते. जपानी विमानांवरच्या लाल गोलाशी घोटाळा नको म्हणून तिथल्या आपल्या विमानांच्या गोलांतला लाल रंग काढून टाकला होता, तो भाग पुन्हा रंगवावा लागला. त्यामुळे जुन्या विमानावर गोल थोडा ताजा दिसला तर ते खपून जातं.

दिल्लीत पालमच्या संग्रहालयात हरिकेन आहे, आकार आणि बारकावे पाहायला उत्तम. मळ-झीज शिकायला मात्र युद्धकाळातले कृष्णधवल फोटोच बघावेत. संग्रहालयातली विमानं पुन्हा रंगवलेली असतात.

धूळ सगळ्यात शेवटी, मॅट वार्निशच्याही नंतर. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये मॅट वार्निश दमट हवेत दुधी पडतं, तेव्हा कोरडा दिवस पाहूनच ते मारा. मग चाकांना, चाकांच्या कप्प्यांना आणि पंखाखाली मागच्या बाजूला मातकट पिगमेंट कोरड्या ब्रशने लावा. त्यावर पुन्हा वार्निश नको, नाहीतर निम्मी धूळ नाहीशी होते.