दीड अंश नको, फूट-इंचात सांगा

‘सकाळ-दुपारमध्ये पारा दहा-बारा अंश वर-खाली होतोय, मग दीड अंशानं काय बिघडतंय?’ हवामान बदलाचा विषय काढला की कोल्हापुरात हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. चुकतं ते सांगणाऱ्यांचं. दीड अंश ही अख्ख्या पृथ्वीच्या, अनेक वर्षांच्या सरासरी तापमानातली वाढ. ती कुणाच्या अंगाला जाणवणार? उलट पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे पाणीपातळीचे आकडे इथं पोरासोरांना पाठ असतात : ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली.

अंश आणि फूट यांना जोडते ती वाफ. तापमान वाढलं की पाण्याचे रेणू जास्त संख्येनं निसटून हवेत जातात. दर अंशाला वाफेची कमाल मर्यादा साधारण ६ ते ७ टक्क्यांनी वाढते, तीही चक्रवाढ व्याजासारखी. २० अंशांना एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ राहते, ३० अंशांना ३० ग्रॅम! खरी गंमत पुढे आहे. वाफेचं पाणी होताना किलोमागे सुमारे २,५०० किलोज्यूल उष्णता सुटते. तिनं ढगातली हवा तापते, आणखी वर उसळते आणि खालून, आजूबाजूनं नवी दमट हवा ओढून घेते. म्हणून थोड्या वेळात कोसळणारा पाऊस दर अंशामागे ७ टक्क्यांहूनही जास्त वाढू शकतो. अरबी समुद्रावरून आलेली अशी हवा गगनबावड्याच्या घाटाला धडकून वर चढली, की ते पाणी कुंभी, कासारी, तुळशी, भोगावतीतून पंचगंगेतच येणार.

नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस, यावरून यातलं काहीही कळत नाही. आणि ‘आता सगळं बुडणार’ म्हणून घाबरवणाऱ्या पोस्टही तितक्याच निरुपयोगी. पूर एकट्या तापमानामुळे येत नाही. पूररेषेतली बांधकामं, भराव, धरणांचे विसर्ग यांचाही त्यात वाटा असतो. तेही त्याच दमात सांगितलं तरच लोक विश्वास ठेवतील.

माझं म्हणणं एवढंच, की गावसभेत जागतिक आलेख दाखवण्याआधी नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीचा नकाशा लावा. ४३ फुटांना पाणी कुठल्या गल्लीत येतं, ५० ला कुठल्या, ५६ ला कुठल्या, ते त्यावर रंगवा. मग त्याच घाटात, तेवढ्याच दिवसांत दहा टक्के पाऊस जास्त पडला तर कुठली रेघ कुठं सरकेल, ते लोकांसमोर काढून दाखवा.