वाडा उतरवणे (जुने नाशिक)

जुन्या नाशकातले राहते वाडे मोडून त्यांच्या जागी फ्लॅटच्या इमारती आणि दुकानगाळे उभे राहण्याची प्रक्रिया. बोलीत तिचे टप्पे वेगवेगळे ओळखले जातात. पावसात आपणहून कोसळला तर ‘वाडा बसला’, मजूर लावून मोकळा केला तर ‘वाडा उतरवला’, आणि बिल्डरशी करारनामा झाला की ‘वाडा डेव्हलपमेंटला दिला’. सराफ बाजार, भांडी बाजार, तांबट लेन, तिवंधा आणि नदीपलीकडची पंचवटी या भागांत आता एका गल्लीत तिन्ही अवस्था पाहायला मिळतात.

इथले बरेच वाडे पेशवाईतले किंवा त्यानंतरच्या शतकातले. रस्त्यालगत ओटा, मग दिंडी (छोटे दार) असलेला मोठा दरवाजा, आत देवडी (पहाऱ्याची जागा), पुढे उघडा चौक आणि चौकाभोवती ओसरी, माजघर, वर माडी. भार पेलतो तो सागवानी सांगाडा. मधल्या भिंती माती-विटांच्या, आणि मजल्याला कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचे छत. यांतला ओटा सर्वांत महत्त्वाचा मानावा लागतो. तो घराचाही होता आणि गल्लीचाही. भाजीवाली टोपली तिथेच टेकवायची, शाळेतून आलेले पोर आई येईपर्यंत तिथेच बसायचे. नव्या इमारतीत त्याच जागी पार्किंग असते किंवा शटर.

पंचवटीच्या वाड्यांना आणखी एक काम होते. तीर्थपुरोहितांकडे गावोगावचे यजमान उतरत. आजोबा-पणजोबांच्या नावांच्या नोंदी असलेल्या वह्या आणि यात्रेकरूंचा मुक्काम एकाच छपराखाली असे. वह्या कपाटात मावतात, त्या नव्या जागेत गेल्या. पन्नास माणसांची पंगत बसवणारा चौक मात्र कुठे नेता येत नाही.

वाडा पडतो त्याला एकच कारण नसते. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी जुन्या पातळीवर गोठली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण मुळात काही रुपयांच्या भाड्यावर ४ टक्के म्हणजे एक कौलही बदलून होत नाही. मालकाकडे दुरुस्तीला पैसा नाही, आणि भाडेकरू दुसऱ्याच्या मिळकतीत पैसा घालायला कचरतो. त्यात तीन पिढ्यांचे हिस्सेदार, काही पुण्यात, काही परदेशात. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) मात्र अजून आजोबांचेच नाव. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक घरांना नोटिसा देते. भाडेकरूला भीती वाटते, की एकदा बाहेर पडलो तर हक्क गेला. म्हणून माणसे छताला टेकू लावून तिथेच राहतात. या भीतीला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

गोदाकाठच्या वाड्यांची अडचण निराळी. १९६९ आणि २००८ साली नदी सराफ बाजार, भांडी बाजारापर्यंत शिरली. पुराची पातळी नाशिककर आजही नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावरून मोजतात: पाणी गुडघ्याला, छातीला, की डोक्यावरून गेले. २००८च्या पुरानंतर निळी (नदीजवळची) आणि लाल (त्यापलीकडची) पूररेषा आखली गेली. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम अडते, म्हणजे तिथला वाडा धड दुरुस्त होत नाही आणि बिल्डरकडेही सहजी जात नाही. रेषेबाहेर दुसरा पेच: अनुज्ञेय एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधता येईल ते) समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतो, आणि इथल्या बोळांतून हातगाडीही जपून न्यावी लागते.

उतरवण्याचे कामही ठरलेल्या क्रमाने चालते. आधी पत्रे आणि कौले, मग कडीपाट, शेवटी तुळया आणि खांब. माती ट्रॅक्टरने जाते; सागवान जुन्या लाकडाचा व्यापारी घेतो. कोरीव हस्त (तुळईखालचे आधार) आणि सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब हॉटेलांत आणि फार्महाऊसवर पुन्हा उभे राहतात. जागेवर उरते ती शेजारच्या वाड्याची सामाईक भिंत. तिच्यात देवळी (दिव्याचा कोनाडा) असते, देवळीत दिव्याची काजळी, वर कॅलेंडरचा खिळा, आणि जिना जिथून चढत होता तिथे पायऱ्यांची तिरपी खूण. पावसाळ्यात ती भिंत भिजते. वाडे एकमेकांच्या आधाराने उभे असल्याने एक उतरला की शेजारचा खचायला लागतो, हे गल्लीतल्या कुणालाही ठाऊक असते.

राज्य संरक्षित स्मारक असलेला सरकारवाडा टिकला. सावरकरांच्या अभिनव भारत या क्रांतिकारी संघटनेशी जोडलेली तिळभांडेश्वर लेनमधली वास्तूही जपली गेली. इतिहासाच्या पुस्तकात नाव नसलेल्या वाड्यांना असा आधार नाही, आणि वस्तीचे खरे जगणे तर त्यांच्यातच होते. मालक कॉलेज रोड, गंगापूर रोड या नव्या वस्त्यांकडे गेले. करारात जागा न मिळालेले भाडेकरू शहराच्या कडेला, स्वस्त भाड्याच्या खोल्यांत. वाड्यांच्या जागी आलेल्या नव्या फ्लॅटचे आणि गाळ्यांचे दर त्यांना परवडणारे नाहीत.

या वस्तीची एक वास्तू अशी आहे, जी विकता येत नाही: रहाड. पेशवाईपासून चालत आलेले हे दगडी हौद रस्त्याखाली असतात आणि रंगपंचमीला उघडले जातात. काही कायमचे बुजले, पण शनि चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा, तांबट लेन इथे अजून रंग भरला जातो, प्रत्येक रहाडीचा ठरलेला. पूजेचा मान ठरावीक घराण्यांकडे असतो. त्यांतली काही माणसे आता गल्लीत राहत नाहीत. रंगपंचमीच्या सकाळी ती स्कूटरवर येतात, रहाडीवरच्या फळ्या निघेपर्यंत नव्या इमारतीच्या बंद शटरसमोर उभी राहतात, आणि मग ‘धप्पा’ मारायला, म्हणजे रंगाच्या हौदात उडी घ्यायला, पुढे होतात.